खाऱ्या वाऱ्यात जुना लेथ

मालवणात लोखंड आणून ठेवलं की चार दिवसांत तांबूस होतं. तरीही घराच्या पडवीत जुन्या मशीनचं वर्कशॉप होऊ शकतं, हे अनुभवाने सांगतो.

माझा लेथ म्हैसूर किर्लोस्करचा, सेकंडहँड. १९४१ मध्ये हरिहरला सुरू झालेल्या या कारखान्याचे लेथ अजून कोल्हापूरच्या बाजूला मिळतात. जड बिडाचा बेड, दुरुस्तीला सोपं. घेताना रंगाकडे बघू नका. चकाजवळचा बेड तपासा, कारण सगळ्यात जास्त झीज तिथेच होते. कॅरेज तिथे सैल आणि टेलस्टॉकच्या बाजूला घट्ट चालत असेल, तर बेड झिजलाय असं समजा.

गंज काढायला मला इलेक्ट्रोलिसिस फार आवडतं. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातला साधा लोखंडी पत्रा धन टोकाला. स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम अंगणातच करा. भाग बाहेर काढला की धुऊन, लगेच सुकवून तेल लावा.

तेल म्हणजे ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. खोबरेल नको! घरात मुबलक असतं खरं, पण काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात बेडवर ग्रीसचा हात फिरवतो आणि वरून सुती चादर घालतो. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते.

लेथच्या मोटरला लागणारी थ्री फेज वीज घरी नसेल तर सिंगल फेजवर ती मोटर चालवणारा व्हीएफडी लावता येतो, पण मोटरची जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.