वारकरी मोजायला चला!

बालमित्रांनो, वारकरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टाळ, मृदंग आणि पंढरीची वाट येणार. पण मी सांगतेय ते वारकरी पाण्यात राहतात! अंगानं काळेकुट्ट आणि कपाळावर गंध लावावं तसा पांढराशुभ्र ठिपका. दिसतात बदकांसारखे, पण बदकं नव्हेत. थंडीत आमच्या नांदूर मधमेश्वरला आलात, तर पाण्यावर यांची दिंडीच निघालीय की काय असं वाटेल.

हे गाव नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे. हो हो, तेच निफाड, थंडीत ज्याचा पारा पेपरात छापून येतो! गोदावरी आणि कादवा या नद्या इथं एकमेकींना भेटतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथं बंधारा बांधला गेला तो पाण्यासाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार? पण नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं तयार झाली, लव्हाळी माजली. आपण गाळाला नावं ठेवतो. पक्ष्यांना मात्र त्यात किडे, गोगलगायी, कोंब असं पंचपक्वान्नांचं ताट दिसलं. १९८६ साली ही जागा अभयारण्य झाली आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत गेली. रामसर हे इराणमधलं एक गाव. पाणथळ जागा जपण्याचा करार तिथं १९७१ साली झाला, म्हणून हे नाव. आपल्या राज्यातून त्या यादीत गेलेली ही पहिली जागा, बरं का!

गेल्या थंडीत आम्ही शाळेतली बावीस मुलं घेऊन पाण्याकाठानं फिरलो. दुर्बिणी फक्त दोन. काही बिघडलं नाही. पालकांनो, मुलानं हट्ट धरला म्हणून लगेच दुर्बीण घ्यायला धावू नका. आधी त्याला एका जागी दहा मिनिटं गप्प बसता येतं का ते बघा. तेच जास्त महाग आहे!

निघण्यापूर्वी आम्ही एक युक्ती ठरवली. ‘तो बघ, तिकडं, अरे तिकडं!’ असं ओरडून कुणालाच काही दिसत नाही, पक्षी तेवढा उडून जातो. म्हणून समोर मोठं घड्याळ आहे असं समजायचं. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. मग हळूच सांगायचं, ‘अकरा वाजता, बाभळीच्या खाली.’ तिसरीतल्या मुलांचं घड्याळ त्या दिवशी असं पक्कं झालं, की मी वर्गात आठ दिवस घालवूनही झालं नव्हतं. दुसरी गोष्ट, सूर्य आपल्या पाठीशी हवा. नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात आणि सगळेच पाणकावळे वाटतात.

मग दिसू लागले एकेक. लाल काड्यांवर उभा केल्यासारखा शेकाट्या. चमच्यासारख्या चपट्या चोचीचा थापट्या बदक, जो चोचीच्या कडेच्या चाळणीतून पाणी गाळून खाऊ तेवढा ठेवून घेतो. पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा (त्याचे पंख भिजतात हो, बदकासारखे कोरडे राहत नाहीत). आणि पानांवरून टुणुटुणू चालणारा कमळपक्षी. त्याची बोटं इतकी लांब, की वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही. त्याच्या घरी अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती बाबांनी! हे ऐकून मुली टाळ्या पिटणार होत्या, पण ठरलेलं आठवलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवले.

टाळी का नको? दूर उत्तरेकडून हिमालय ओलांडून आलेलं बदक इथं दिवसभर खातं आणि विसावतं, ते परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी साठावी म्हणून. ती त्याची शिदोरी. आपण ओरडलो, थवा उडाला, की त्या शिदोरीतला घास आपण हिसकावला म्हणून समजा. एकदा उडाला तर चालून जाईल. पण दर रविवारी दहा गट आले आणि प्रत्येकानं दोनदा उडवला तर? करा हिशेब.

आता आमच्यातल्या एका पठ्ठ्याची गोष्ट. चौथीतला. खिशात गलोल. मला दिसली होती, पण मी काढून घेतली नाही. काठाजवळच्या गवतापाशी तो एकदम थांबला आणि कुजबुजला, ‘बाई, एक वाजता. मातीत डोळा आहे.’ आम्ही सगळे बघतोय, कुणाला काही दिसेना. दुर्बिणीतूनही नाही. पाच मिनिटांनी मातीचा तो ढेकूळ हलला. लांब चोचीचा पाणलावा! नेम धरून धरून त्याची नजर अशी तयार झालेली.

परतताना मी मुलांना सालीम अलींची गोष्ट सांगितली. १९०८ च्या सुमाराची. मुंबईतला बारा वर्षांचा मुलगा, हातात छर्ऱ्याची बंदूक. एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी नाव तर सांगितलंच, शिवाय भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. पुढं तो मुलगा देशातला सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ झाला.

‘म्हणजे त्यांनी पण मारलीच ना, बाई?’ आमचा पठ्ठ्या.

मारली. खोटं कशाला सांगू? त्या काळी पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची नीट ओळख पटवण्याची सोयच फारशी नव्हती. आज दुर्बीण आहे, चित्रांची पुस्तकं आहेत आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, ‘पाणलावा मला मारता आलाच नसता. दिसला तेव्हा लई जवळ होता.’ याचा अर्थ मी अजून लावतेय. गलोल अजूनही त्याच्याकडे आहे. बोरं पाडायला वापरतो, असं म्हणतो!

दर वर्षी जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चालू आहे. पाचशे वारकरी एकेक करून कसे मोजणार? ते डुबकी मारतात, जागा बदलतात. मग आधी दहा मोजायचे, दहांचा तो घोळका किती मोठा दिसतो ते डोळ्यांत ठेवायचं आणि असे किती घोळके बसतात ते बघायचं. घरी तांदळाचे दाणे ताटात पसरून सराव करा. ताईनं पसरायचे, तुम्ही अंदाज सांगायचा, मग दोघांनी मोजायचे. आमच्यातल्या दोघांचे आकडे शेवटपर्यंत जुळले नाहीत. एक म्हणे तीनशे, दुसरी म्हणे चारशे वीस. आम्ही वहीत दोन्ही लिहिले.

येणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, अगदी सकाळी या. लाल-पिवळे कपडे नकोत. काठचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून लहानांचा हात सोडू नका.

आमच्या यादीत एकतीस पक्षी झाले. शेवटच्या ओळीत पठ्ठ्याच्या अक्षरात एवढंच लिहिलंय : ‘काळा-पांढरा. पाय निळे. चोच सुईसारखी, टोक वर वळलेलं. नाव माहीत नाही.’ मी त्याला नाव सांगितलेलं नाही. पुस्तक शाळेच्या कपाटात आहे, किल्ली त्याच्याकडे दिलीय. तुम्हाला कळलं तर कळवा, पण त्याला नका सांगू हं!