मान धरत नाही तेव्हा

महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखते आणि हे तीन महिन्यांपलीकडे चालू राहते, अशा जुनाट मायग्रेनसाठी बोटॉक्सला अमेरिकेत 2010 साली मान्यता मिळाली. कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून 31 जागी बारीक सुया टोचतात. एकूण 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी. हे औषध मज्जातंतूच्या टोकातले एक प्रथिन कापते. त्यामुळे वेदना चेतवणारी द्रव्ये बाहेर पडायची थांबतात, आणि स्नायूला आकसायला सांगणारे रसायनही तिथेच अडकते. म्हणून पापणी पडणे किंवा मान सैल होणे हा मला औषधाचा वेगळा अवगुण वाटत नाही. तो त्याच गुणाचा नको तिथे पडलेला प्रभाव आहे, आणि त्यामुळेच बऱ्याचदा आधी ओळखता येतो.

चाचण्यांमध्ये पापणी पडण्याचे प्रमाण सुमारे 4 टक्के होते. मान दुखण्याचे 9 टक्के, तर नुसते सलाइन टोचलेल्यांत 3. पण टक्केवारीपेक्षा समोरचा माणूस पाहावा. काहींची पापणी मुळातच थोडी उतरलेली असते आणि ती ते दिवसभर नकळत भुवया उंचावून तोलून धरतात. कपाळाचा स्नायू सैलावला की हा आधार जातो. सुईआधी भुवई बोटाने दाबून डोळे उघडायला सांगितले, तरी हे दिसते. बारीक मानेच्या माणसाला सुया फार खाली लागल्या, तर अंथरुणातून उठताना डोक्याला हाताचा टेकू द्यावा लागतो. स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा आजार असणाऱ्याला तर धोका अधिकच; त्याची चौकशी आधी व्हायलाच हवी.

एवढे सांगितले तर रुग्ण घाबरून उपचारच सोडेल, असे काही जण म्हणतात. भीतीमुळे त्रास जास्त जाणवतो, हे खरे. पण न सांगितलेल्या माणसाला पडलेली पापणी अर्धांगवायूच वाटते. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, हे ठाऊक असलेला तेवढा काळ काढू शकतो. मग स्नायूंना न छेडणारी मायग्रेनवरची अँटिबॉडीची इंजेक्शने का घेऊ नयेत? जरूर विचार करावा. मात्र त्यांपैकीच एक असलेल्या एरेनुमॅबच्या माहितीपत्रकातही स्नायूंत गोळे येण्याची नोंद आहे. बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हे औषध टोचल्या जागेपासून दूरवर पसरण्याचा ठळक इशारा अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने 2009 मध्येच दिला आहे. बाकी त्रास कोणत्या बाजूला, कितव्या दिवशी सुरू झाला, हे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी कपाळावरची सुई भुवईपासून किती वर आणि मानेतली कवटीच्या किती जवळ द्यायची, हे डॉक्टर त्यावरून ठरवू शकतात.