एकट्याचा ट्रक, तातडीचा माल

ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराजवळ दोन मोठे महामार्ग एकमेकांना भेटतात. आय-७५ डेट्रॉईटकडून येतो आणि सिनसिनाटी, नॉक्सव्हिल, अटलांटा करत फ्लोरिडात मायामीपर्यंत उतरतो. आय-८० न्यू यॉर्कच्या शेजारून निघून पार सॅन फ्रान्सिस्कोला जातो. इथल्या ट्रक-थांब्यांवर भर दुपारी चक्कर मारली, तर मोठमोठ्या ट्रेलरांच्या रांगेत मधूनच पांढऱ्या पेटीचे, जरा आखूड ट्रक उभे दिसतात. काचांना आतून पडदे लावलेले असतात. चालक आत झोपलेला असतो. ही दुपारची झोप त्याच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या कुतूहलानंतरचं मत आहे.

हे कुतूहल नोकरीतून आलं. वाहनांच्या सुट्या भागांचा पुरवठा सांभाळणं हे माझं काम. आधी चाकणला, मग डेट्रॉईटच्या परिसरात. मोटारींचे कारखाने भागांचा साठा ठेवत नाहीत. काही तासांपुरता माल लाइनशेजारी असतो, बाकीचा रस्त्यावर, येत असलेला. साचा तुटला, एखादा लॉट तपासणीत नापास झाला, नेहमीचा ट्रेलर बर्फात अडकला, की पुरवठादाराची झोप उडते. लाइन थांबली तर तिचा भुर्दंड पुरवठादारावर येतो आणि तो मिनिटामिनिटाने वाढतो. अशा रात्री चाकणला आम्ही ओळखीच्या टेंपोवाल्याला उठवायचो. अमेरिकेत फोन केला, की दीड-दोन तासांत एक माणूस स्वतःच्या मालकीचा ट्रक घेऊन गोदीला लागायचा, तीन खोकी चढवायचा, सही घ्यायचा आणि निघून जायचा. तीन खोक्यांसाठी अख्खा ट्रक! याला यातून काय सुटत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला तो पडलाच. मग अशा चालकांना चहा-कॉफी पाजत, ट्रक-थांब्यांवर त्यांच्यासोबत बसत मी तो सोडवत राहिलो.

इतिहास चटकन उरकतो. १९८० पर्यंत अमेरिकेत कोणी कोणता माल कुठल्या मार्गाने न्यायचा यावर सरकारी परवान्यांचं कडक नियंत्रण होतं, दरही ठरलेले असत. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि धंदा बराचसा मोकळा झाला. त्याच काळात अमेरिकी मोटार कंपन्यांनी टोयोटाची साठा न ठेवण्याची पद्धत उचलली. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावची रॉबर्ट्स एक्स्प्रेस ही कंपनी तातडीच्या वाहतुकीत मोठी झाली. १९९८ मध्ये ती फेडेक्सच्या छत्राखाली गेली आणि २००० पासून फेडेक्स कस्टम क्रिटिकल या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यासाठी धावणारे ट्रक तेव्हाही चालकांच्या किंवा छोट्या मालकांच्या मालकीचे होते, आजही आहेत. इतर कंपन्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

या धंद्यात वाहनं मुख्यतः दोन जातींची. एक म्हणजे व्हॅन : स्प्रिंटर, ट्रान्झिट, प्रोमास्टर. दोन-तीन पॅलेट मावतात. भरलेल्या वाहनाचं कमाल वजन १०,००१ पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांच्या आत असेल, तर केंद्र सरकारचे चालकाच्या तासांचे नियम सहसा लागू होत नाहीत. दुसरा म्हणजे पेटीचा ट्रक. पेटी साधारण बावीस-चोवीस फुटांची, आणि केबिनच्या मागे झोपायची खोली. ही खोली बघण्यासारखी असते. पलंग, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, इंजिन बंद असतानाही हवा गरम-थंड ठेवणारं वेगळं यंत्र. काहींत तर बेसिनसुद्धा. कमाल वजन २६,००१ पौंडांच्या आत असेल तर व्यावसायिक लायसनही सहसा लागत नाही, पण तासांची वही पाळावीच लागते. डिसेंबर २०१७ पासून ही वही म्हणजे इंजिनाला जोडलेलं यंत्र. त्यात आपोआप नोंदलेले गाडी हाकल्याचे तास कमी करता येत नाहीत.

नियम असा : सलग दहा तास विश्रांती झाली की चौदा तासांची खिडकी उघडते, आणि त्या चौदांत जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकायची. जोडीने चालवणारे, बहुतेक नवरा-बायको, आळीपाळीने झोपतात आणि ट्रक जवळजवळ थांबतच नाही. एकट्याच्या वाट्याला मात्र अकरा तासांत पाचशे-साडेपाचशे मैलांचं वर्तुळ येतं. टोलेडोहून शिकागो त्यात येतं. केंटकीतल्या जॉर्जटाउनचा टोयोटाचा कारखाना येतो. टेनेसीतल्या स्मर्ना इथला निस्सानचा कारखाना वर्तुळाच्या कडेवर. मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोहून डेट्रॉईटला येणारा माल तातडीचा असला, तर तो जोडीलाच मिळणार.

आता दुपारच्या झोपेकडे येतो. फोन कधी वाजेल याचा नेम नाही, पण कारखान्याची अडचण दुपारच्या पाळीत लक्षात येते आणि माल संध्याकाळनंतर निघतो, असं पुष्कळदा होतं. सकाळी सात वाजता ताजातवाना उठलेला चालक दिवसभर ट्रकमध्ये मोकळा बसून राहिला, तर यंत्राच्या हिशेबाने तो रात्री नऊ वाजताही पूर्ण ताजा असतो. अकराचे अकरा तास शिल्लक. शरीर मात्र चौदा तास जागं असतं. कायद्याने सकाळी आठपर्यंत हाकायला त्याला मोकळीक आहे, आणि पहाटे चारच्या सुमारास डोळा लागला तर नियमभंग झाला असं कोणी म्हणणार नाही. व्हॅनवाल्याला तर यंत्राचाही अडसर नाही. हे घड्याळ आणि ही काया यांतली फट भरून काढण्याची सगळी जबाबदारी त्या एकट्या माणसावर पडते.

माझ्या ओळखीचा एक चालक पूर्वी टूलरूममध्ये साचे बनवायचा. पन्नाशी ओलांडल्यावर कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने जुना पेटीचा ट्रक घेतला. त्याचं वेळापत्रक मी जवळून पाहिलं आहे. सकाळी माल उतरवला की नाश्ता, पायी एक फेरी, ट्रकची पाहणी, आणि एक वाजता पडदे बंद. झोप आली नाही तरी सहापर्यंत आडवं पडून राहायचं. बायकोचा फोन सहानंतर. तो मला म्हणाला, “साचा करताना घाई केली तर लोखंड वाया जायचं, इथे मी वाया जाईन.” एका संध्याकाळी आम्ही जेवत असताना त्याला चांगल्या पैशांचं भाडं आलं. शेजारच्या ट्रेलरच्या शीतयंत्राच्या आवाजाने दुपारची झोप झाली नव्हती. त्याने नकार दिला. पलीकडचा माणूस नाराज झाल्याचं मलाही ऐकू आलं. काही कंपन्या नकारांची टक्केवारी ठेवतात आणि ती पाहून पुढचं भाडं कोणाला विचारायचं ते ठरवतात. तरीही त्याने फोन ठेवला आणि जेवण पुरं केलं. त्या धंद्यातलं एवढं पक्कं व्यापारी शहाणपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

थांबायचं कुठे, हाही तितकाच मोठा प्रश्न. माल उतरवला त्या गावी पुढचं भाडं मिळेलच असं नाही. फ्लोरिडात माल जातो भरपूर, निघतो कमी. म्हणून तिकडे जाणाऱ्या भाड्याचा दर नुसता पाहून भुलायचं नाही, परतीचे रिकामे मैल त्यात धरायचे. माँटानासारख्या विरळ राज्याचंही तेच. मुरलेल्या चालकाच्या डोक्यात नकाशा असतो : कुठल्या गावात सीट बनतात, कुठे गिअर, कुठला कारखाना जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बंद राहतो. टोलेडो, फोर्ट वेन, लुइव्हिल या पट्ट्यात उभं राहिलं की चहूबाजूंनी कारखाने. उलट तिथे थांबणारेही पुष्कळ, म्हणजे रांग मोठी. एखाद्या आडगावी एकट्यानेच उभं राहून पैज मारणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींचं गणित उत्तम जमतं.

आणि उभं राहायला सुरक्षित जागा? जेसन रिव्हनबर्ग या नावाविना हा विषय पुरा होत नाही. न्यू यॉर्क राज्यातला हा पस्तीस वर्षांचा चालक मार्च २००९ मध्ये दुधाचा माल घेऊन साउथ कॅरोलायनात वेळेआधी पोचला. लवकर आलेल्या ट्रकला आत घेत नव्हते, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात थांबला. तिथे त्याचा खून झाला. चोराच्या हाती सात डॉलर लागले. त्याची पत्नी होप तेव्हा गरोदर होती, थोड्याच दिवसांत तिला जुळी झाली. तिने नेट धरला आणि २०१२ मध्ये केंद्रीय कायद्यात ट्रक थांबण्याच्या जागांसाठी ‘जेसन्स लॉ’ ही तरतूद आली. जागा अजूनही अपुऱ्या आहेत. रात्री आठनंतर मोठ्या शहराजवळच्या थांब्यावर ट्रकला जागा शोधून पाहावी म्हणजे कळतं. तातडीच्या मालाच्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी आहे : ज्याच्यासाठी कारखाना रात्रभर ताटकळत होता, त्यालाच माल उतरल्यावर फाटकाबाहेर काढतात.

पैशांचं आता एक काल्पनिक उदाहरण मांडून पाहू. पेटीच्या ट्रकला ५२० मैलांचं भाडं मिळालं, चालकाच्या हाती मैलाला दोन डॉलर. झाले १,०४० डॉलर. ऐकायला छान वाटतं. पण माल उचलायला ९० मैल रिकामं जावं लागलं, आणि उतरवल्यावर बऱ्या जागी येऊन थांबायला २१० मैल. एकूण मैल ८२०. म्हणजे खरा दर मैलाला सव्वा डॉलरच्या जरासा वर. ट्रक गॅलनला ९ मैल देतो आणि डिझेल ४ डॉलर धरलं, तर इंधन ३६४ डॉलर. टायर, ऑइल, ब्रेक आणि पुढच्या ट्रकची तजवीज म्हणून मैलाला २५ सेंट बाजूला काढले, की २०५ गेले. उरले ४७१. यात दोन दिवस गेले, आणि तिसरा दिवस फोनची वाट पाहण्यात गेला तर तोही याच रकमेत. विमा, ट्रकचा हप्ता, जेवण अजून बाकी आहे. शिवाय स्वतःच स्वतःचा मालक असल्याने सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे, मिळून १५.३ टक्के, निव्वळ उत्पन्नावर त्यानेच भरायचे. प्राप्तिकर वेगळा, आणि तो वर्षातून चार हप्त्यांत अंदाजाने आगाऊ. आरोग्यविमा नोकरीतून मिळत नाही. बायकोची नोकरी असेल तर तिच्या विम्यावर घर चालतं, असं मला कित्येकांनी सांगितलं.

म्हणून मैलाचा दर विचारणाऱ्यापेक्षा ‘सगळ्या मैलांचा’ दर विचारणारा चालक या धंद्यात टिकतो. महामारीनंतरच्या तेजीत हे पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. चिप्सचा तुटवडा, बंदरांवर अडकलेले कंटेनर, सगळीकडे तातडी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर डेट्रॉईट आणि विंडसर यांना जोडणारा अ‍ॅम्बॅसेडर पूल आंदोलकांनी सहा-सात दिवस रोखला आणि दोन्ही देशांतल्या मोटार कारखान्यांना पाळ्या कमी कराव्या लागल्या. दर चढले, तशी माणसांनी कर्ज काढून व्हॅन घेतल्या. पुढच्या काळात माल घटला, दर कोसळले आणि हप्ते तेवढेच राहिले. व्यावसायिक लायसन लागत नाही, तासांचं बंधन नाही, या व्हॅनच्या सोयी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. दार जितकं सताड उघडं, तितकी आत गर्दी आणि तितका भाव पडलेला.

कराराबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती फार जणांना माहीत नसते. चालक आपला ट्रक कंपनीला भाड्याने लावतो, तेव्हा केंद्रीय नियमांनुसार करार लेखी लागतो, आणि कोणकोणत्या रकमा कापणार ते त्यात लिहिलेलं असावं लागतं. कागद सादर केल्यावर पंधरा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मोबदला टक्केवारीने ठरला असेल, तर ग्राहकाला लावलेल्या बिलाची प्रत, किंवा तीच माहिती देणारा दुसरा कागद, मिळणं हा चालकाचा हक्क आहे. माझ्या त्या साचेवाल्या मित्राने पहिल्या वर्षी ही प्रत मागितली नाही. दुसऱ्या वर्षी मागितली, आणि दोन भाड्यांत हिशेबाचा फरक निघाला. पैसे मिळाले, मागितले म्हणून मिळाले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतले तरुणही अलीकडे अशा व्हॅनबद्दल विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. एच-वन-बी व्हिसावर असाल तर या वाटेला जाऊ नका; त्या व्हिसात हा स्वतंत्र धंदा बसत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर आधी दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक वर्षभर चालवून पाहा. त्या वर्षात रिकाम्या मैलांची आणि रिकाम्या दिवसांची नोंद रोज ठेवा. स्वतःचा ट्रक घेताना सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका इंजिन-दुरुस्तीची रक्कम बँकेत वेगळी असू द्या. करारातलं कपातीचं पान सही करण्याआधी पूर्ण वाचा, समजलं नाही तर वकिलाला दाखवा. आणि दुपारी झोप लागत नसेल, तर हा धंदा करू नका.