बंदीचे 61 दिवस, गोळ्यांचे 84

पेडणे असो वा डिचोली, डोळे पिवळे दिसले की आपण म्हणतो, कावीळ झाली, झाडपाल्याचं औषध घेऊया. पण हेपॅटायटिस सी बऱ्याचदा वीस-वीस वर्षं काहीच दाखवत नाही, आतल्या आत लिव्हर खराब करतो.

तो रक्तातून पसरतो: वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, अस्वच्छ सुईने गोंदवणं. एका ताटात जेवल्याने किंवा बोटीवर शेजारी झोपल्याने पसरत नाही. म्हणून बोटमालकांनो, खलाशाला हा आजार निघाला तर त्याला कामावरून काढू नका.

यावर लस नाही, पण गोळ्या आहेत. बहुतेकांना रोज, 12 आठवडे. शंभरातले 95 तरी बरे होतात. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे.

आपली मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, गोळ्यांचे 84. बोट सुटली तरी कोर्स चालूच ठेवायचा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, समुद्रावर जाताना गोळ्या सोबत घ्या.

28 जुलै, जागतिक हेपॅटायटिस दिन, बंदीतच येतो. त्याआधी सरकारी आरोग्य केंद्रात विचारून रक्त तपासून घ्या.