मृत्युपत्रात पत्नीचे नाव नसेल तर...

"यांनी घर मुलाच्या नावे लिहून ठेवलं. कागदावर माझं नावच नाही. आता मी कुठं जायचं?" मंडळातल्या ज्येष्ठ भगिनींकडून हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

आपल्या इंदूरच्या हिंदू कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुले, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस असतात. पत्नीला एका मुलाइतका वाटा मिळतो. पण मृत्युपत्र असेल तर गणित बदलते. स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देण्याची मुभा कायदा देतो. पत्नीसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवलाच पाहिजे, असे बंधन नाही.

तरीही पत्नीचे हात रिकामे राहत नाहीत. पती फक्त स्वतःचे तेवढेच देऊ शकतो. पत्नीचे स्त्रीधन, तिच्या नावावरचा फ्लॅट, संयुक्त मालकीतला तिचा हिस्सा यांवर त्याचे मृत्युपत्र चालत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तो केवळ आपल्या वाट्यापुरते लिहू शकतो. नियमाप्रमाणे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

दुसरा आधार पोटगीचा. १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्यानुसार, मिळकतीत काहीच वाटा न मिळालेली विधवा, पुनर्विवाह करेपर्यंत, ती मिळकत ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडून निर्वाहखर्च मागू शकते. मात्र या कायद्यातील आश्रितांच्या यादीत विधवा आहे, विधुर नाही. पत्नीने पतीला वगळले, तर त्याला हा मार्ग नाही. मुलांकडून निर्वाह मागण्याचा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा मार्ग मात्र आई आणि वडील दोघांनाही खुला आहे.

तिसरी गोष्ट, मृत्युपत्र खरे आहे का? त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. सोबत राहणाऱ्या पत्नीला कारण न देता वगळले असेल, तर न्यायालय ते शंकास्पद मानू शकते. पण तेवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होतेच असे नाही. इतर परिस्थितीही पाहिली जाते.

ज्यांच्या लेकी गोव्यात दिल्या आहेत त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते. निम्मी मालमत्ता पत्नीची स्वतःचीच. ती वारसा म्हणून मिळत नाही, म्हणून मृत्युपत्राने काढूनही घेता येत नाही. उरलेल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. म्हणजे पतीला मनासारखा देता येतो तो एकूण मालमत्तेचा फक्त चौथा हिस्सा. गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात अन्यत्र असली, तरी तिला हाच कायदा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

आमची कळकळीची विनंती एवढीच. तेराव्याच्या आत, दुःखाच्या भरात, कोणी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. आधी मृत्युपत्राची प्रत मागा, घराचे कागद पाहा, वकिलाला दाखवा. आणि मृत्युपत्र करणाऱ्यांनो, घर मुलाला द्यायचे तर जरूर द्या. पण पत्नीला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आणि दरमहा खर्चाची सोय स्पष्ट शब्दांत लिहून ठेवा. त्या चार ओळी नसल्या, की म्हातारपणी आईला पोटच्या मुलाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागते.