बाइटमध्ये मावेल तेवढाच पाऊस

बीड जिल्ह्याचे तीन आकडे फळ्यावर लिहा. तालुके ११. क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९. वहीत तिन्ही आकडे एकाच रेघेवर बसतात. मायक्रोकंट्रोलरला मात्र त्यांच्यासाठी तीन निरनिराळी भांडी लागतात, आणि कोणते भांडे घ्यायचे हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच सांगायचे असते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटासा संगणक. त्याच्यासाठी आज्ञावली लिहायला बेसिक ही सोपी भाषा चालते. १९६४ साली केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी तयार केली. त्या मूळ बेसिकमध्ये संख्येचा प्रकार सांगण्याची कटकट नव्हती. मायक्रोकंट्रोलरसाठी असलेल्या बॅसकॉमसारख्या बेसिकमध्ये मात्र ‘डिम मोजणी ॲज बाइट’ अशा धर्तीची ओळ सुरुवातीलाच लिहावी लागते. कारण जागेची टंचाई. डिप्लोमाच्या प्रकल्पांत हमखास दिसणाऱ्या एटी८९सी५१ या चिपमध्ये कामचलाऊ स्मृती अवघी १२८ बाइट असते. चिपटे भरून जोंधळे ठेवायला कोणी पोते अडवत नाही, तसेच हे आहे.

सर्वांत लहान भांडे बिट. त्यात ० किंवा १ एवढेच मावते. पंप चालू की बंद, यासाठी ते पुरे. आठ बिटांचा एक बाइट. आठ बटणांच्या चालू-बंद अशा २५६ जुळण्या होतात, म्हणून बाइटमध्ये ० ते २५५ मावतात. तालुके इथे आरामात बसतील. दोन बाइटांचा वर्ड ६५,५३५ पर्यंत जातो. क्षेत्रफळ त्यात ठेवता येईल. लोकसंख्येला चार बाइटांचा लाँग हवा. त्याची मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या थोडी पुढे आहे.

भांडे लहान पडले तर काय होते? संख्या बाहेर सांडत नाही आणि यंत्र तक्रारही करत नाही. मोटारसायकलचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा बाइट २५५ नंतर शून्यावर येतो. खरा धोका इथेच आहे, कारण चुकीचा आकडाही दिसायला बरोबरच दिसतो.

समजा, शाळेत आपण स्वयंचलित पर्जन्यमापक बनवला. फनेलखाली सी-सॉसारखी दोन छोटी पात्रे असतात. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की भरलेले पात्र कलते, चुंबकामुळे स्विच मिटतो आणि मोजणीत एकाची भर पडते. मोजणी बाइटमध्ये ठेवली, तर २५५ वेळा कलेपर्यंत, म्हणजे ५१ मिलिमीटरपर्यंत, सर्व ठीक. आता एका रात्रीत ७० मिलिमीटर पाऊस पडला. पात्र ३५० वेळा कलले. त्यातून २५६ वजा जाऊन उरले ९४. सकाळी यंत्र सांगेल, पाऊस १८.८ मिलिमीटर!

आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसुली हिशेबात ती अतिवृष्टी ठरते, आणि पिकाच्या नुकसानीची मदत त्या नोंदीशी जोडलेली असते. सोयाबीन पाण्यात उभे आणि कागदावर १८.८, अशी गत एका बाइटच्या काटकसरीने होऊ शकते. मोजणी वर्डमध्ये ठेवली, तर मर्यादा १३,१०७ मिलिमीटरवर जाते. चेरापुंजीचा वर्षाचा सरासरी पाऊससुद्धा त्यात मावेल.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या भांड्यात घालण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्या भांड्याची मर्यादा होती ३२,७६७.

ही ३२,७६७ ची मर्यादा बेसिकमधल्या इंटिजरचीही आहे. इंटिजर दोनच बाइटांचा, पण त्याची निम्मी जागा ऋण संख्यांसाठी राखलेली असते. ती कधी लागते? माजलगाव धरणाची पातळी कालच्यापेक्षा ३ सेंटिमीटरने उतरली, तर फरक उणे ३. वर्डला उणे चिन्ह ठाऊकच नाही. तो सांगेल ६५,५३३. चढ-उतार असेल तिथे इंटिजरच हवा.

अपूर्णांकासाठी चार बाइटांचा सिंगल आहे, पण पर्जन्यमापकाला त्याची गरज नाही. मोजणीला २ ने गुणले की पाऊस मिलिमीटरच्या दशांशांत मिळतो: ३५० चे ७००. दाखवताना शेवटच्या अंकाआधी टिंब दिले की झाले ७०.०. दर तासाची नोंद अशी वर्डमध्ये ठेवली, तर दिवसाला ४८ बाइट लागतील, सिंगलमध्ये ९६. एकूण १२८ असताना हा फरक लहान नव्हे.

यंत्र तयार झाल्यावर विद्यार्थ्यांकडून त्याची परीक्षा जरूर करून घ्या. फनेलच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर ७० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २.२ लिटर पाणी. तेवढे मोजून घ्या, सलाइनच्या नळीने थेंबथेंब सोडा आणि पडद्यावर ७० च्या जवळपासचा आकडा येतो की १८.८ च्या, ते पाहा.