वाडी रिकामी व्हायच्या आत

दिवाळी सरली की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. भातकापणीची मजुरी संपलेली असते. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्चून गेलेली असते. मग एके दिवशी टेम्पो येतो. त्यात भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं चढतात आणि माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघून जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. कुष्ठरोगाचा उपचार चालतो सहा महिने, रोग जास्त पसरलेला असेल तर बारा महिने. ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहिली की या भागात कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न कळतो. औषध आहे, ते फुकट मिळतं आणि त्यानं रोग बराही होतो. पण औषध घेणारा माणूस शेवटच्या पाकिटापर्यंत हाताशी राहायला हवा.

लहानपणी पेणच्या एसटी स्टँडवर हातांना चिंध्या बांधलेला एक माणूस बसलेला असायचा. मोठी माणसं त्याच्या वाडग्यात नाणं वरूनच सोडत आणि लगेच हात मागे घेत. घरात त्या रोगाचं नाव हळू आवाजात घेतलं जाई, 'रगतपिती'. त्या माणसाला आग का लागत नाही, चटका का बसत नाही, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं. ते उत्तर मला फार उशिरा, पुस्तकांतून मिळालं. नॉर्वेच्या हॅन्सननं 1873 मध्ये शोधलेला या रोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांकडे ओढ घेतो, कातडीखालच्या नसांत घर करतो आणि नस सुजवून मारतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं. गुडघ्याच्या बाजूची नस गेली की पाऊल लुळं पडतं. पापणीला हलवणारी नस गेली की डोळा मिटत नाही, झोपेतसुद्धा उघडा राहतो आणि कोरडा पडून हळूहळू जातो. बोटं 'झडत' नाहीत. ज्याला दुखत नाही तो चुलीवरचं भांडं उघड्या हातानं उचलतो, तळपायात काटा घेऊन दिवसभर चालतो, जखम सडते, हाड खराब होतं. वेदना हा शरीराचा राखणदार आहे आणि या रोगात तोच मारला जातो.

शिवाय जंतूचा वेग फार मंद. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं जातात, कधी वीसही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूशी झुंजण्याची ताकद जन्मतःच असते, म्हणून वर्षानुवर्षं रोग्यांची सेवा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो होतो. जंतू सापडून शंभर वर्षं उलटली, तरी नाणं वरूनच पडत राहिलं.

कोकणाला या रोगाच्या औषधाची ओळख जुनी आहे. सह्याद्रीच्या उतारांवर, ओढ्याकाठी कडू कवठाचं झाड वाढतं. सुश्रुतसंहितेतलं तुवरक ते हेच. त्याच्या बियांचं तेल कुष्ठावर चोळायचं, पोटात घ्यायचं, ही रीत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्याच जातीच्या तेलाची इंजेक्शनं जगभर दिली जात. ती फार दुखत आणि गुण थोडा. मुंबईत महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला रस्त्यावरच्या रोग्यांसाठी आसरा उघडला. आज वडाळ्यात त्यांच्या नावाचं रुग्णालय आहे. हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे जमवत होते. आपले पोवाडे वाचवणारा हात आणि रोग्यांना छप्पर देणारा हात एकच होता, हे मला कायम विलक्षण वाटत आलं आहे. पण त्या काळचा उपाय म्हणजे वेगळं ठेवणं. 1898 च्या कायद्यानं तर निराधार रोग्याला पकडून कोंडण्याची मुभा दिली. तो कायदा पुस्तकातून काढून टाकायला 2016 साल उजाडलं.

या गोष्टीत 1936 हे साल दोनदा येतं. त्या वर्षी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केलं. दिवाण विनोबांचे साथी, पाठबळ विनोबांचं. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 11 सप्टेंबर 1895 चा. पुढे सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची रोज मालिश करू लागले, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन झालं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. मराठी मुलखातल्या या कामाचा एक उगम शोधत गेलं तर तो पेणच्या एका खेड्यातल्या घरापाशी जातो.

त्याच 1936 मध्ये, डिसेंबर महिन्यात, इटलीत मिलानला ज्युसेप्पीना दोनेस आणि इजिल्दा रोदोल्फी या दोन स्त्रियांनी 'मिशनरीज ऑफ द इमॅक्युलेट' हा भगिनींचा संघ स्थापन केला. दत्तपूर त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मिलान दिवाणांना ठाऊक असण्याचंही नव्हतं. या संघाच्या भगिनी भारतात आल्या आणि मुंबईत वर्सोव्याला विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर त्यांच्या हाती चालू लागलं. 'त्वचारोग केंद्र' हे नाव मला फार शहाणपणाचं वाटतं. दारावर 'कुष्ठ' लिहिलेलं असेल तर चट्टा दाखवायला येणारी बाई कोपऱ्यावरूनच परत फिरते.

सिस्टर बर्टिल्ला काप्रा याच संघाच्या. इटलीहून तरुणपणी आल्या आणि चार दशकांहून अधिक काळ या केंद्रात कुष्ठरुग्णांसोबत राहिल्या. केंद्राचा एक हात रायगडात, पेण आणि रोह्यापर्यंत पोचला. मुंबईच्या झोपडपट्टीत सापडणाऱ्या रुग्णाची मुळं गावात असतात आणि गावातला रुग्ण कामासाठी मुंबईच्या वाटेवर असतो, त्यामुळे एकट्या मुंबईत बसून हे काम पुरं होत नाही. मुंबईच्या झोपड्यांमध्ये लोकसेवा संगम ही संस्था उभारणारे फादर कार्लो तोरियानीही इटलीचेच. त्यांचा स्वर्गद्वार आश्रम तळोज्याजवळ. थोड्याच अंतरावर, पनवेलपासून जवळ नेऱ्याला, कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन. एक क्रुसाचा, एक सर्वोदयाचा. रुग्णाच्या पायाचं ड्रेसिंग दोन्हीकडे सारखंच होतं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. वाडीत सकाळी लवकर पोचावं लागतं, माणसं कामाला जायच्या आत. उजेडात, दाराच्या बाहेर, पाठ उघडी करून पाहायची. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की आधी डोळे उघडे ठेवून माणसाला समजावायचं, मग डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक कातडीला अलगद टेकवायचं. जिथे लागलं तिथे बोट ठेव. हातावर टेकवलं, बोट आलं. खांद्यावर टेकवलं, आलं. चट्ट्यावर टेकवलं, माणूस वाट पाहत बसून राहतो. त्याला वाटतं, अजून टेकवलंच नाही. त्या थांबलेल्या बोटात निदान असतं. मग कोपरामागची नस चिमटीत घेऊन जाड झालीय का ते चाचपायचं, डोळे गच्च मिटायला सांगायचे आणि पापणीत फट राहते का ते बघायचं.

बाईच्या पाठीवरचा, कमरेखालचा चट्टा पुरुष कर्मचाऱ्याला कधीच दिसत नाही. ती सांगत नाही, तो विचारत नाही. म्हणून या कामात भगिनींचं असणं ही वरवरची सोय नव्हे. झोपडीत जाऊन, दार लोटून, बाईनं बाईचं अंग पाहणं म्हणजे अर्ध्या वाडीची तपासणी, जी एरवी झालीच नसती. कागदावर वाडी 'तपासलेली' असते आणि त्यातल्या अर्ध्या कातड्या कुणी पाहिलेल्याच नसतात, याची मला खरी चीड येते.

1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. अठ्ठावीस दिवसांचं पाकीट, महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन समोर बसवून घ्यायचं, बाकीच्या गोळ्या रोज घरी. पहिल्या दिवशी लघवी लाल होते, माणूस हादरतो. पाकिटातल्याच क्लोफाझिमीननं अंग काळवंडतं. लग्नाची मुलगी असेल तर काळवंडलेल्या तोंडाला गावात उत्तर द्यावं लागतं, म्हणून गोळ्या चुलीत जातात. असं होणार हे आधी सांगणारं आणि झाल्यावर पुन्हा दारात येणारं कुणी असेल तरच पाकिटं संपतात. रोग गेल्यावरही मेलेली नस परत येत नाही. मग रोज पाय साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे, घट्टे घासायचे, ओल्या कातडीवर तेल लावायचं, खिळे नसलेली मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल घालायची. हे रोज, मरेपर्यंत. हे शिकवायचं आणि पुढल्या खेपेला तळपाय उलटा करून पाहायचा. मिशनरीचं 'समर्पित आयुष्य' म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी भव्य दिसतं. प्रत्यक्षात ते हजारो तळपाय उलटून पाहण्यात गेलेलं असतं.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की धर्मांतराचा प्रश्न येतोच. तो विचारू नये असं मी म्हणणार नाही. पण तो विचारणाऱ्यानं एक पाहावं. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या देवाचा माणूस ज्या पायाजवळ बसायला तयार नव्हता, त्या पायाजवळ परक्या देशातली बाई बसली आणि आयुष्य संपत आलं तरी उठली नाही. कराचीत जर्मनीच्या रुथ फाऊ यांनी हेच केलं, हवाईतल्या मोलोकाई बेटावर फादर डेमियननी केलं आणि रोग अंगावर घेऊन 1889 मध्ये ते तिथेच गेले. जागा रिकामी होती. ती आपणच रिकामी ठेवली होती.

2005 च्या अखेरीस देशात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी तो शब्द 'निर्मूलन' असा ऐकला. त्याच्या आगेमागे घरोघर फिरून शोधायचं काम बंद पडलं, रोग सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला, पैशाचा ओघ आटला. रोग मात्र गेला नव्हता. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांतले निम्म्याहून अधिक अजून भारतात असतात, आणि महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत ते जास्त सापडतात त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, पालघर यांच्याबरोबर रायगड आहे. गणपतीच्या मूर्तींसाठी जगभर नाव असलेलं पेण आणि धाटावच्या कारखान्यांचं रोहा या जिल्ह्यात आहेत. मुंबईपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर. 2016 पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या आणि जिथे शोधलं तिथे रुग्ण निघाले. घरच्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देण्याची सोयही आता झाली आहे. आशाताई दारोदार जातात. पण चट्टा पाहायची नजर एका दिवसाच्या प्रशिक्षणानं येत नाही. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं कातडी पाहिली ती माणसं थकली, काही गेली, आणि त्यांच्यामागे तितकी नजर तयार झाली नाही.

वाडी हलायच्या आधीचे दोन-तीन आठवडे म्हणून महत्त्वाचे. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, परत कधी येणार, हे विचारून वहीत उतरवायचं. नियमात एक सवलत आहे. दूर जाणाऱ्या रुग्णाला उरलेली सगळी पाकिटं एकदम देता येतात, घरातलं कुणीतरी जबाबदारी घेणार असेल तर. बहुधा ती जबाबदारी बायकोवर किंवा आईवर येते. अक्षर येत नसेल तर तिला सांगायचं, या खोक्यातली मोठी गोळी पुनवेला, बाकीची रोज रात्री. पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मिठाच्या डब्यात ठेवली जातात, कारण मिठाचा डबा कुठल्याही मुक्कामावर आधी उघडतो. मग टेम्पो सुरू होतो.